सहा नातवंडांचे आजोबा

माझ्या आत्याकडे कुठलीही तक्रार घेऊन जा, ती शेवटपर्यंत ऐकून घेते, मान हलवते आणि म्हणते, "आपल्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या." बस. पुढे काही होत नाही. काकांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, लग्नानंतरची पहिली काही वर्षं भाजीत मीठ जास्त पडतंय वगैरे सांगून बघितलं आणि मग नाद सोडला. ते म्हणतात, भिंतीशी बोलणं परवडलं, निदान भिंत उलट माझे आभार मानत नाही.

ही सवय तिला नोकरीने लावली. सव्वीस वर्षं ती एकाच कंपनीत एकच काम करते. करत होती. ते पुढे सांगतेच, घाई करून सगळं आधीच सांगून टाकायची माझी खोड आहे. कंपनी मोठी आहे. सिनेमे, कार्टून, गोष्टींची पुस्तकं, कंपासपेट्या, डबे, पांघरुणं, दात घासायचे ब्रश, आणि गावाबाहेर ते अवाढव्य उद्यान, ज्यात पाळणे, छोटी आगगाडी, पाण्याच्या घसरगुंड्या असं सगळं आहे आणि जिकडे बघाल तिकडे मफलर घातलेला शहामृग आहे. लोक कंपनीचं नावसुद्धा घेत नाहीत, नुसतं 'शहामृग' म्हणतात. काका शाळेत भूगोल शिकवायचे, त्यांना तो मफलर आजपर्यंत पचलेला नाही. त्यांचं एकच म्हणणं, हा पक्षी राहतो कुठे आणि थंडी कुठली वाजतेय याला.

तर उद्यानातून बाहेर पडायच्या दारापाशी दोन पेट्या आहेत. दिवस आवडला असेल तर गुलाबी कार्ड भरून गुलाबी पेटीत टाकायचं, नसेल आवडला तर राखाडी कार्ड राखाडी पेटीत. खाली पत्ता लिहायचा. प्रत्येक कार्डाला अकरा दिवसांत कंपनीचं उत्तर घरी जाणार. ते उत्तर म्हणजे माझी आत्या. कौतुकाला तीन तयार मसुदे आणि तक्रारीला चौदा, सगळे तिनेच लिहिलेले आणि सगळ्यांची सुरुवात तीच, भावना पोचल्या.

तिची खोली तळघरात, धुलाईखान्याच्या शेजारी. मी लहानपणी तिथे जायचे तेव्हा बाहेर दोरीवर धुतलेले शहामृग मानेला चिमटे लावून वाळत घातलेले असायचे. एवढं बघून कुठल्याही मुलाने कंपनीचं प्रेम सोडून दिलं असतं, पण मी नाही सोडलं, मी विचारायचे की यातला खरा कुठला. खोलीत दोन टेबलं. एक आत्याचं आणि दुसरं शिक्केवाल्या मावशींचं; त्या मी तिथे जाणं बंद केल्यावर आल्या, आणि त्यांचं काम आलेल्या कार्डावर आणि जाणाऱ्या पत्रावर शिक्का मारणं. त्या इतक्या जोरात शिक्का मारतात की आत्याच्या चहाच्या कपाला त्यामुळे तडा गेलाय असं आत्या म्हणते. आणि छताला लागून एक लांबट खिडकी, उद्यानातल्या रस्त्याच्या पातळीवर. त्यातून माणसं दिसत नाहीत, फक्त पाय दिसतात.

ही खिडकी महत्त्वाची आहे. सव्वीस वर्षं आत्याने लोकांचे पाय बघितलेत. उड्या मारणारे छोटे बूट, त्यांच्यामागे धावणारे आईबापांचे बूट, आणि मग म्हाताऱ्यांचे पाय. समोरच एक बाक होतं. म्हातारे पाय येऊन त्या बाकाखाली थांबायचे, चप्पल काढायचे, बोटं हलवायचे. आत्या म्हणायची, ती बोटं हलताना बघितली की मला कळायचं आता या माणसाला बरं वाटतंय, हा गुलाबी कार्ड टाकणार. आणि खरंच तसं व्हायचं.

चार वर्षांपूर्वी कंपनीने कुणीतरी शहाणे लोक बोलावले. त्यांनी उद्यानात फिरून शोध लावला की बसलेला माणूस कुठल्याच दुकानात जात नाही. झालं. चाळीस बाकांपैकी एकोणतीस बाकं एका आठवड्यात उचलली. खिडकीसमोरचं पण. त्यानंतर आत्याला दिसायला लागले ते एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकणारे पाय. दिवसभर. राखाडी कार्डं यायला लागली आणि वरून आत्याला हुकूम आला की बाकांसाठी नवा मसुदा करा. तिने केला. त्यात एक वाक्य होतं, 'आपल्या चालण्याचा आनंद वाढावा म्हणून ही रचना करण्यात आली आहे.' ते लिहून ती घरी आली आणि जेवली नाही, असं काका सांगतात. ती कधीच न जेवता राहत नाही.

आता कंपनीत एक नियम आहे. नोकरांनी आणि त्यांच्या नातेवाइकांनी कार्ड भरायचं नाही. भरलं तर त्याच दिवशी नोकरी गेली. पूर्वी एका आइस्क्रीमवाल्याने स्वतःच्या आइस्क्रीमची तारीफ करणारी चाळीस गुलाबी कार्डं एका संध्याकाळी टाकली होती, त्यातून तो नियम आला. त्यामुळे आमच्या घरात कंपनीवरून कितीही भांडणं झाली तरी आत्या कुठल्याच बाजूने बोलायची नाही. मी म्हणायचे की कंपनीने तीच गोष्ट सात वेळा विकली, आधी शहामृग हरवतो मग सापडतो, पुढच्या भागात त्याचं पिल्लू हरवतं, मग त्या पिल्लाची टोपी हरवते, लोकांना काय वेडं समजलेत. आई म्हणायची, "मग तूच सातही वेळा रडत का आलीस?" बाबा काही बोलायचे नाहीत. आणि आत्या म्हणायची, लिहून द्या. मग स्वतःच म्हणायची, तुम्हाला देता येत नाही, तुम्ही नातेवाईक.

असं असताना एक दिवस बाबांच्या नावे कंपनीचं पाकीट आलं. पाकीट आईने उघडलं. आत आत्याचं नेहमीचं छापील उत्तर, बाकं, चालण्याचा आनंद, सगळं. पण खाली निळ्या शाईत कुणीतरी हाताने लिहिलं होतं, 'गुडघे गरम पाण्याने शेकत जा. तब्येतीला जपा.'

आईने ते पत्र ताटाशेजारी ठेवलं आणि बाबांना अगदी गोड आवाजात विचारलं की तुमचे गुडघे शेकायला सांगणारी ही कोण. बाबा म्हणाले, माझे गुडघे ठणठणीत आहेत. हे चुकीचं उत्तर होतं. त्यांनी दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं.

दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. शेवटी आत्याला यावं लागलं आणि कबूल करावं लागलं. तिनेच राखाडी कार्ड भरलं होतं. डाव्या हाताने, म्हणजे अक्षर ओळखू येऊ नये. नावाच्या जागी बाबांचं नाव, त्याखाली 'सहा नातवंडांचे आजोबा' आणि पत्ता आमचा. कार्डावरचा मजकूर तिने आम्हाला पाठ म्हणून दाखवला. 'मला सहा नातवंडं आहेत. दोन हातांना लोंबकळतात, दोन पायात येतात, एक खांद्यावर असतं आणि एक कायम हरवलेलं असतं. मी बसू कुठे?'

आई इतकी हसली की तिला बाबांवर रागावल्याचा विसर पडला. आणि निळी शाई शिक्केवाल्या मावशींची होती. त्यांनी ते कार्ड वाचलं आणि त्यांना आजोबा फार आवडले.

मला वाटलं होतं हे एकदाच. कसलं एकदा. आत्याला आपलंच उत्तर बाबांच्या हातात बघून एवढा संताप आला की तिने आमच्याच टेबलावर बसून दुसरं कार्ड लिहिलं. 'आपलं उत्तर मिळालं. ते लिहिणाऱ्या व्यक्तीला गुडघे नसावेत.' ते पेटीत गेलं, मावशींनी खोलीत मोठ्याने वाचलं, खो खो हसल्या, म्हणाल्या आजोबांनी बरोब्बर ओळखलं. आणि आत्याला खरंच लागलं ते. घरी येऊन ती काकांना म्हणाली की माणसाने टीका करावी, पण वैयक्तिक जाऊ नये. काका म्हणाले, आपल्या भावना पोचल्या.

चार वर्षं हे चाललं. दिवसा ती कंपनीची बाजू मांडायची, महिन्यातून एकदा आमच्या टेबलावर बसून डाव्या हाताने स्वतःला झोडपायची, आणि अकरा दिवसांनी उजव्या हाताने स्वतःला थंडगार उत्तर द्यायची. मावशी तिच्याशी भांडायच्या की एवढ्या चांगल्या म्हाताऱ्याला असं कोरडं काय लिहितेस, तुला मन नाही का. आणि गंमत म्हणजे डाव्या हाताचं अक्षर सुधारत सुधारत उजव्यापेक्षा चांगलं झालं. ती आता भाजीपण डाव्या हाताने चिरते.

मी एकदा तिला विचारलं की तू पकडली गेलीस तर. निवृत्तीला तेव्हा आठ महिने राहिले होते. कंपनीत निवृत्त होणाऱ्या माणसाला संध्याकाळच्या मिरवणुकीत पहिल्या गाडीत शहामृगाशेजारी बसवतात आणि अख्ख्या उद्यानातून फिरवतात, दोन्ही बाजूंनी लोक हात हलवतात. सव्वीस वर्षं तिने खिडकीतून त्या गाडीची फक्त चाकं बघितली होती. कंपनीच्या प्रत्येक गोष्टीची टर उडवणारी बाई, पण त्या गाडीचं नाव काढलं की गप्प व्हायची. तिला त्या गाडीत बसायचं होतं. फार बसायचं होतं. तिने तसं कधी म्हटलं नाही, पण आरशासमोर हात हलवून बघताना मी तिला पकडलंय. म्हणून ती मला म्हणाली, आता हे शेवटचं कार्ड, पुरे झालं.

आणि नेमका तेव्हाच नवा साहेब आला.

हा साहेब तरुण, हसरा, आणि त्याला सगळ्यांचं ऐकून घ्यायची भयंकर हौस. त्याला कळलं की उरलेली अकरा बाकं काढून तिथे फुग्यांचं दुकान करायचा प्रस्ताव त्याच्या टेबलावर आलाय. तो म्हणाला, मी एकटा ठरवणार नाही. वार्षिक सभेत आपण दोन पाहुणे बोलावू, एक कंपनीचं सर्वात जास्त कौतुक करणारा आणि एक सर्वात जास्त नावं ठेवणारा. दोघांचं तोलून बघू आणि तिथल्या तिथे निर्णय. दफ्तर काढलं. कौतुकात पहिली आली एक दातांच्या दवाखान्यातली मदतनीस बाई, दर रविवारी येणारी, दर रविवारी गुलाबी कार्ड. आणि टीकेत पहिले, हे सांगायला नकोच.

निमंत्रणाचं पत्र अर्थात आत्यालाच लिहावं लागलं. तिने ते शक्य तितकं रुक्ष लिहिलं. मग आमच्या घरी येऊन बाबांच्या नावाने नकारही तिनेच लिहिला, प्रकृती ठीक नसल्यामुळे वगैरे. मावशींनी तो वाचून डोळ्याला पदर लावला आणि थेट साहेबाकडे गेल्या, आणि साहेब म्हणाला गाडी पाठवू. तिसऱ्या पत्रात आत्या म्हाताऱ्याला मारूनच टाकणार होती, पण मावशींच्याकडे बघून तिची हिंमत झाली नाही.

मग काय, बाबांना जावं लागलं. बाबा त्रेपन्न वर्षांचे, केस काळे, आणि खोटं बोलताना कान लाल होतात. आईने कानशिलांवर पावडर चोळली, कुणाकडून तरी काठी आणली. सहा नातवंडांची वयं, इयत्ता, कोण कशाला घाबरतं हे सगळं कागदावर लिहून पाढ्यासारखं पाठ करून घेतलं. मला थोरली नात म्हणून बरोबर पाठवलं. आत्याने बाबांना एकच सांगितलं, "हे बघ, तुला फक्त बाकांचं बोलायचंय. बाकं राहू द्या, एवढंच. बाकी तोंड उघडू नकोस."

बाबांनी शपथ घेतली.

सभा उद्यानातल्या नाटकाच्या सभागृहात होती. खाली मोठे साहेब लोक, मागे कर्मचारी. व्यासपीठावर तीन खुर्च्या आणि कोपऱ्यात छोटं टेबल, तिथे आत्या इतिवृत्त लिहायला बसलेली, चेहरा अगदी टपालपेटीसारखा. मावशी मात्र पहिल्या रांगेत. बाबा काठी टेकत आले तशा त्या उभ्याच राहिल्या. मग त्यांनी बाबांना नीट बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काहीतरी आलं की, मी कसं सांगू, चार वर्षं ज्याचे गुडघे शेकले तो माणूस आपल्यापेक्षा लहान निघाला तर कसं वाटेल.

साहेबाने प्रेमाने विचारलं, बाकीची पाच कुठेत. बाबांचे कान लाल झाले. ते म्हणाले चार घरी आहेत. साहेब म्हणाला, आणि पाचवं? बाबा म्हणाले ते हरवलंय. अख्खं सभागृह हसलं, कारण ते कार्ड सगळ्यांना पाठ होतं. बाबांना वाटलं आपण छान बोललो. इथेच घात झाला.

आधी दवाखान्यातली बाई बोलली. मी ठरवून आले होते की हिच्यावर हसायचं, दर रविवारी गुलाबी कार्ड टाकणारी बाई म्हणजे काय असेल. पण ती उभी राहिली आणि साधंच बोलली. म्हणाली, मी सहा दिवस रडणारी मुलं बघते. माझ्या हातात ट्रे दिसला की ती रडायला लागतात. एक दिवस मला न रडणारी मुलं बघायची असतात. मी कुठल्याच पाळण्यात बसत नाही, मला चक्कर येते. मी नुसती बघते. तुमचे सिनेमे मला फारसे आवडत नाहीत, खरं सांगायचं तर सातव्या भागात मी झोपले. पण इथे मुलं हसतात ते खरं हसतात, म्हणून मी कार्ड टाकते.

मला एकदम रडू आलं. मला कशावरही रडू येतं ते सोडा, पण बाबांकडे बघितलं तर त्यांचीपण पावडर ओघळत होती.

आणि त्याच वेळी, कुणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे, पडद्यामागून शहामृग आला. तोच, मफलरवाला, सहा फुटी. त्याने येऊन बाबांच्या खांद्यावर पंख ठेवला.

बाबा संपले. सहा नातवंडं, बाकं, शपथ, सगळं गेलं. ते माइकमध्ये सांगायला लागले की मी सात वर्षांचा असताना महिनाभर तापाने पडून होतो आणि घरात एकच पुस्तक होतं, याचं. माझी बहीण ते मला रोज वाचून दाखवायची, प्रत्येकाचा वेगळा आवाज काढून. शहामृगाचा आवाज ती नाक दाबून काढायची. पुस्तक संपलं की मी म्हणायचो परत, आणि ती परत काढायची. सांगता सांगता ते शहामृगाच्या गळ्यात पडले, म्हणजे त्याला गळा खूप होता म्हणून सोपं गेलं. आणि मग त्या भरात म्हणाले, ज्या कंपनीने मला हे दिलं तिला मी काय नावं ठेवणार, बाकांचं काय घेऊन बसलात, माणसाला उभंसुद्धा राहता येतं.

टाळ्यांचा कडकडाट. साहेबाचा चेहरा उजळला. तो वळून मोठ्या साहेबांना म्हणाला की बघा, सर्वात कडवा टीकाकारसुद्धा. मग आत्याकडे बघून म्हणाला, लिहा, बाकं काढण्यास पाहुण्यांची हरकत नाही, फुग्यांच्या दुकानास मंजुरी.

आत्याचं पेन थांबलं.

मी तिच्याकडे बघत होते. तिला फक्त एक ओळ लिहायची होती. ती लिहिली असती तर आठ महिन्यांनी गाडीत बसली असती. तिने पेनाला टोपण लावलं. उभी राहिली आणि म्हणाली की आजोबांचं एक कार्ड वाचायचं राहिलंय. पर्समधून काढलं आणि वाचलं. मला ते तोंडपाठ आहे, कारण आदल्या संध्याकाळी ते आमच्या टेबलावर लिहिलं गेलं होतं.

'मी तुमच्या बागेत चार तास उभा होतो. त्यातला पहिला तास फार छान गेला. नातवंडं हसत होती. दुसऱ्या तासाला मी घड्याळ बघितलं. तिसऱ्या तासाला मी नातवंडांवर खेकसलो. चौथ्या तासाला त्यांना ओढत बाहेर आणलं आणि ती रडली. तुम्ही त्यांना हसवायला एवढा मोठा डोंगर उभा केलात. मला एक फळी दिली असती तर ती अजून दोन तास हसली असती.'

दवाखान्यातली बाई हळूच म्हणाली, हे मात्र खरं आहे, रडतात ती शेवटी, दाराशी. मीपण बघितलंय.

साहेबाने कार्ड हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. त्यावर शिक्का नव्हता. त्याने विचारलं हे आपल्याकडे आलं कधी.

"अजून आलं नाही," आत्या म्हणाली. "उद्या येणार आहे."

हे तिच्या तोंडून इतक्या सहज गेलं की तिला स्वतःलाच दोन सेकंद कळलं नाही. मग कळलं. बाबांना कळलं, त्यांनी शहामृगाला सोडलं. मावशींना कळलं, त्या खाली बसल्या.

साहेबाने सभा तिथेच थांबवली आणि तिला शेजारच्या खोलीत नेलं. मी नात असल्यामुळे मागोमाग गेले, कुणी अडवलं नाही. साहेब चिडला नव्हता, तो गोंधळला होता. त्याला हेच समजेना की गेली चार वर्षं कंपनीविरुद्ध सर्वात कडक लिहिणारी आणि कंपनीची बाजू सर्वात नेटाने मांडणारी एकच बाई कशी. त्याने विचारलं, "एक खरं सांगा बाई. तुमच्या मते आपली कंपनी चांगली की वाईट?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. ती जरा वेळ बूट बघत राहिली, साहेबाचे.

"साहेब, ज्या घरी परत जायचंच नसतं तिथल्या खुर्चीबद्दल कुणी बोलतं का? माणूस पाणी पितो, निघून जातो. हे लोक दर वेळी येतात, दर वेळी कुरकुरतात, आणि परत येतात. बाक मागणारा माणूस म्हणजे जायची घाई नसलेला माणूस. त्याला तुम्ही दाराकडे ढकलताय." मग थांबून म्हणाली, "आणि सातवा भाग वाईटच होता. तो ज्याने केला त्याला विचारा."

साहेबाने सातवा भाग केलेल्या माणसाच्या हाताखाली तीन वर्षं काढली होती, हे आम्हाला नंतर कळलं. तो हसला का रडला सांगता येत नाही, तोंडावर रुमाल होता. बाकं राहिली. नुसती राहिली नाहीत, काढलेल्यांतली बारा परत लावायचं ठरलं, आणि ते त्याने मोठ्या साहेबांसमोर जाऊन सांगितलं, हे त्याचं मोठेपण.

पण नियम तो नियम. चाळीस कार्डांच्या आइस्क्रीमवाल्याला एक न्याय आणि आत्याला दुसरा, असं करता येत नव्हतं. नोकरी त्याच दिवशी गेली. काढून टाकण्याचं पत्र ऑफिसात कुणालाच धड लिहिता येईना, दोन तास तिघं जण बसून 'आपणांस' पर्यंत पोचले होते. शेवटी आत्यानेच लिहून दिलं. मावशींनी त्यावर शिक्का मारायला नकार दिला, मग शिक्कापण तिनेच मारला.

मावशी पंधरा दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत. फसवल्याचा राग नव्हता. मग एके दिवशी आत्या आमच्याकडे असताना आल्या आणि पायऱ्यांवरूनच म्हणाल्या, म्हणजे सहातलं एकही नाही? आत्या म्हणाली नाही गं. मावशी म्हणाल्या, "त्या हरवणाऱ्याची मला फार काळजी वाटायची." मग दोघी रडल्या, मग चहा झाला, आणि मग बाबांचा विषय निघाला आणि दोघी अर्धा तास हसल्या. बाबा आतल्या खोलीत होते, सगळं ऐकू येत होतं.

मिरवणुकीची गाडी गेली ती गेलीच. मी आत्याला म्हटलं मी कंपनीविरुद्ध लिहिते, सगळीकडे पसरवते, अशा बाईला आठ महिने आधी काढतात म्हणजे काय. ती म्हणाली नको, नियम त्यांचा असला तरी तोडला मी. वर म्हणाली, लिहायचं तर दोन्ही लिही. म्हणून हे लिहिलंय, आणि कंपनी चांगली की वाईट हे मला अजून ठरवता येत नाही.

महिन्याभराने एका रविवारी तिने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं तिकीट काढलं आणि बाबांना आणि मला घेऊन उद्यानात गेली. खिडकीतून बघितलेलं सगळं तिला वरून बघायचं होतं. पाळण्यांकडे ढुंकून बघितलं नाही, सरळ बाकांकडे गेली. तेवीसच्या तेवीस भरलेली. एका बाकावर एक आजी घोरत होत्या. एकावर तीन आजोबा तीन दिशांना तोंडं करून. सगळीकडे चपला काढलेल्या.

बसायला कुठेच जागा नव्हती. बाबा म्हणाले मी कुणालातरी सरकायला सांगतो. आत्याने त्यांना असा चिमटा काढला की ते ओरडले. ती तशीच मधोमध उभी राहिली, पर्स पोटाशी धरून, एकेका बाकाखालची बोटं बघत. मिरवणूक यायची वेळ झाली, वाद्यं वाजायला लागली, तरी ती हलेना. शेवटी मागच्या बाकावरचे एक आजोबा वैतागले. त्यांच्या मांडीवर एक नात होती आणि खांद्यावर दुसरी.

"अहो बाई," ते म्हणाले, "उभ्याच राहायचंय तर जरा बाजूला राहा की. पोरींना शहामृग दिसत नाही."

"हो हो, चुकलंच माझं," आत्या म्हणाली, आणि पटकन बाजूला झाली.